रजिस्टरचं नाव आणि रजिस्टरचा नंबर: असेम्ब्ली हाताने कोड करायला शिकताना

लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, डिप्लोमाच्या मायक्रोप्रोसेसर प्रॅक्टिकलला ऑपकोडची (प्रोसेसरला द्यायच्या सूचनेचा आकडी कोड म्हणजे ऑपकोड) शीट हातात पडते आणि लेकरं ती पाठ करायला बसतात. इंटेलच्या ८०८५ या आठ बिटांच्या प्रोसेसरचे २४६ ऑपकोड पाठ करणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. त्यातले १२७, म्हणजे निम्म्याहून जास्त, दोन साध्या नियमांतून आणि आठ-आठ छोट्या कोडांच्या दोन याद्यांतून तुम्ही स्वतः काढू शकता. शीट लागते ती ताळा करायला.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. नाव असेम्ब्लरसाठी (लिहिलेल्या सूचनांचे बाइट करून देणारा प्रोग्रॅम) असतं, चिपला फक्त बिट दिसतात. इंटेलच्या ८०८५ साठी आपण ‘मूव्ह ए, बी’ लिहितो, झायलॉगच्या झेड-८० साठी ‘एलडी ए, बी’ लिहितात. दोन्हींचा बाइट ७८ हेक्सच (सोळाच्या पायाची मोजणी) आहे. उलट तोच ७८ इंटेलच्या ८०५१ मध्ये ‘मूव्ह आर०’ होतो (पुढच्या बाइटमधली संख्या आर० मध्ये भरा) आणि ८०८६ मध्ये ‘साइन फ्लॅग १ असेल तर जंप’ होतो (फ्लॅग म्हणजे आधीच्या हिशेबाचा निकाल दाखवणारा बिट). त्यामुळे एका चिपची शीट दुसऱ्या चिपला लावू नका.

इथे सगळं देवनागरीत लिहिलं आहे. कीबोर्डवर आणि किटवर (प्रोसेसर आणि कीपॅड असलेला सरावाचा बोर्ड) अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे दाबायचे. वेगळं सांगितलं नसेल तर ऑपकोड आणि पत्ते हेक्समध्ये आहेत.

१. जवळ काय असावं

– चौकटीची वही. आठ चौकोनांत आठ बिट मांडायला तिच्यासारखं काही नाही.
– तुमच्या चिपची ऑपकोड शीट, नेमक्या त्याच चिपची.
– किटचं मॅन्युअल. वापरायची रॅम कुठल्या पत्त्यापासून सुरू होते ते किटागणिक बदलतं.
– घरी सरावासाठी ८०८५ चा कुठलाही सिम्युलेटर. ८०८६ साठी नॅझम हा मोफत असेम्ब्लर आणि त्याच्यासोबत येणारा एनडिसॅझम, जो बाइटवरून सूचना परत वाचून दाखवतो.
– लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्समध्येही नॅझम बसवता येतो. फोनची चिप एआरएम असल्यामुळे तयार झालेला ८०८६ चा कोड फोनवर चालणार नाही, पण बाइट बघायला तेवढं पुरतं.

किटवर बॅटरी बॅकअप नसेल तर लाईट गेली की रॅममधलं सगळं जातं. म्हणून पत्ता, बाइट आणि निमॉनिक (सूचनेचं नाव) अशा तीन रकान्यांत पूर्ण प्रोग्रॅम आधी वहीत उतरवा, मगच कीपॅडला हात लावा.

२. आठ कोड, आधी एवढेच पाठ करा

८०८५ मध्ये रजिस्टरला (प्रोसेसरच्या आत संख्या ठेवायची छोटी जागा) तीन बिटांचा कोड आहे:

बी – ०००
सी – ००१
डी – ०१०
ई – ०११
एच – १००
एल – १०१
एम – ११०
ए – १११

क्रम तोंडात बसवा: बी, सी, डी, ई, एच, एल, एम, ए. नवीन माणूस हमखास ‘ए’ला ००० देतो, कारण वर्णमालेत ते पहिलं आहे. इथे ते शेवटचं, म्हणजे ७.

‘एम’ हे रजिस्टर नाही. एच आणि एल मिळून जो १६ बिटांचा पत्ता होतो, त्या पत्त्यावरचा मेमरीतला बाइट म्हणजे एम. त्यामुळे एम वापरण्याआधी एच-एल मध्ये योग्य पत्ता भरलेला हवा. तो नसेल तर प्रोसेसर काहीही तक्रार न करता भलत्याच जागी वाचेल किंवा लिहील.

३. मूव्हचा बाइट बांधा

साचा असा: ०१, मग जिथे जायचं त्या रजिस्टरचे तीन बिट, मग जिथून आणायचं त्याचे तीन बिट.

मूव्ह ए, बी घ्या. ०१, ए चे १११, बी चे ०००. एका ओळीत ०११११०००. आता चार-चारचे गट करा: ०१११ आणि १०००, म्हणजे ७८.

मूव्ह बी, ए उलटं करा. ०१ ००० १११, म्हणजे ०१०० ०१११, म्हणजे ४७.

सगळ्यात जास्त चुका या गट पाडण्यात होतात. बिट मांडताना २-३-३ असे मांडायचे आणि हेक्स काढताना ४-४ असे वाचायचे. मधल्या रेघा पुसून नव्याने रेघ ओढा. घाईत २-३-३ च्या गटांवरूनच आकडे लिहिले तर १७० येतं. ते चूक नाही, पण ते ऑक्टल आहे आणि किट हेक्स मागतं. खरं तर ८०८५ चे ऑपकोड ऑक्टलमध्ये फार सुंदर दिसतात: मूव्हचा पहिला अंक नेहमी १, दुसरा अंक ठिकाण, तिसरा अंक उगम. शीटवर एकदा पेन्सिलने ऑक्टल लिहून बघा, सगळी रचना उघडी पडते.

आठ गुणिले आठ म्हणजे ६४ मूव्ह व्हायला हवेत, पण आहेत ६३. ‘मूव्ह एम, एम’ म्हणजे ०१ ११० ११०, म्हणजे ७६. मेमरीतला बाइट उचलून त्याच जागी ठेवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून तो कोड हॉल्टला दिला आहे. हा ७६ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

४. बेरीज-वजाबाकीचा गट

साचा: १०, मग क्रियेचे तीन बिट, मग रजिस्टरचे तीन बिट. ठिकाण लिहावं लागत नाही, कारण उत्तर नेहमी ए मध्येच पडतं. तुलनेत मात्र ए तसंच राहतं, फक्त फ्लॅग बदलतात.

क्रिया क्रमाने: ॲड (बेरीज) ०००, एडीसी (कॅरीसह बेरीज) ००१, सब (वजाबाकी) ०१०, एसबीबी (हातच्यासह वजाबाकी) ०११, एएनए (अँड) १००, एक्सआरए (एक्स-ऑर) १०१, ओआरए (ऑर) ११०, सीएमपी (तुलना) १११.

ॲड बी म्हणजे १० ००० ०००, म्हणजे ८०. सब बी ९०. एक्सआरए ए म्हणजे १० १०१ १११, म्हणजे एएफ. ए शून्य करायला हा एकच बाइट पुरतो, शिवाय कॅरीही (हातच्याचा फ्लॅग) साफ होतो. ‘एमव्हीआय ए, ००’ला (ए मध्ये थेट ०० भरा) दोन बाइट लागतात आणि ती फ्लॅगना हात लावत नाही. कुठे कुठली वापरायची ते पुढच्या सूचनेला फ्लॅग जुनेच हवेत की नकोत यावर ठरतं.

या गटातले ६४ आणि मूव्हचे ६३, असे १२७ झाले. आणखी तीन साचे वहीत लिहून ठेवा:

– एमव्हीआय: ०० रजिस्टर ११०. ए साठी ३ई, बी साठी ०६, सी साठी ०ई.
– आयएनआर (एकने वाढवा): ०० रजिस्टर १००. ए साठी ३सी.
– डीसीआर (एकने कमी करा): ०० रजिस्टर १०१. सी साठी ०डी.

५. जोड्यांचे दोन बिट

१६ बिटांच्या कामाला रजिस्टर जोडीने येतात आणि जोडीचा कोड दोनच बिटांचा: बी-सी ००, डी-ई ०१, एच-एल १०, एसपी (स्टॅकचा पत्ता धरणारं रजिस्टर) ११.

गोंधळ इथे नावाचा आहे. ‘एलएक्सआय बी’ (जोडीत थेट संख्या भरा) मधलं बी म्हणजे बी-सी ही पूर्ण जोडी. ‘एमव्हीआय बी’ मधलं बी म्हणजे एकटं बी. अक्षर तेच असलं तरी आजूबाजूच्या सूचनेवरून अर्थ बदलतो.

एलएक्सआय चा साचा ०० जोडी ०००१: बी ०१, डी ११, एच २१, एसपी ३१. पुढचे दोन बाइट उलट्या क्रमाने, आधी खालचा, मग वरचा. ‘एलएक्सआय बी, १२३४’ म्हणजे ०१ ३४ १२. यात सी मध्ये ३४ जातं आणि बी मध्ये १२.

पुश (स्टॅकवर ठेवा) आणि पॉपमध्ये (स्टॅकवरून काढा) मात्र ११ चा अर्थ एसपी राहत नाही. तिथे ११ म्हणजे पीएसडब्ल्यू, म्हणजे ए आणि फ्लॅग. पुश: सी५, डी५, ई५, एफ५. पॉप: सी१, डी१, ई१, एफ१. त्यामुळे ‘पुश एसपी’ अशी सूचना ८०८५ मध्ये नाही.

दुसरा सापळा मोजणीचा. आयएनएक्स (जोडी एकने वाढवा) आणि डीसीएक्स (जोडी एकने कमी करा) फ्लॅग बदलत नाहीत. ‘डीसीएक्स बी’ करून लगेच जेएनझेड (उत्तर शून्य नसेल तर जंप) लिहिलं तर लूप आधीच्या कुठल्या तरी सूचनेच्या झिरो फ्लॅगवर चालतो. एकतर पहिल्याच फेरीत संपतो किंवा संपतच नाही. डीसीएक्सनंतर मूव्ह ए, बी (७८) आणि ओआरए सी (बी१) घाला, मग जेएनझेड.

६. एक पूर्ण प्रोग्रॅम, बाइट बाइट

मोंढ्यात दोन कट्ट्यांचं वजन केलं: ६० किलो आणि ४५ किलो. हेक्समध्ये ३सी आणि २डी. ही दोन वजनं २०५० आणि २०५१ वर ठेवली आहेत, बेरीज २०५२ वर हवी. तुमच्या किटची रॅम दुसरीकडे असेल तर पत्ते तसे बदला.

२००० – २१ ५० २० – एलएक्सआय एच, २०५०
२००३ – ७ई – मूव्ह ए, एम
२००४ – २३ – आयएनएक्स एच
२००५ – ८६ – ॲड एम
२००६ – २३ – आयएनएक्स एच
२००७ – ७७ – मूव्ह एम, ए
२००८ – ७६ – हॉल्ट

एकूण नऊ बाइट. उत्तर ६९ हेक्स, म्हणजे १०५.

आता यात काय काय बिघडतं ते बघा. २००७ वर ७७ ऐवजी ७६ दाबला गेला, तर बेरीज ए मध्ये बरोबर होते पण मेमरीत लिहिण्याआधीच प्रोसेसर थांबतो. २०५२ वर जुनंच काही तरी दिसतं आणि माणूस तर्कात चूक शोधत बसतो. ७ई आणि ७७ ची अदलाबदल झाली तर पहिलं वजनच पुसलं जातं. पत्ता ५० २० ऐवजी २० ५० असा भरला तर प्रोग्रॅम ५०२० वर जाऊन काम करतो.

वजनं १६० आणि १२० असती तर बेरीज २८० झाली असती आणि ए मध्ये फक्त १८ हेक्स, म्हणजे २४ उरलं असतं. बाकीचे २५६ कॅरी फ्लॅगमध्ये गेले. त्यासाठी जेएनसी (कॅरी नसेल तर जंप) लावून कॅरी वेगळा मोजावा लागतो.

अजून एक. ३सी हे इथे साठ आहे, पण तोच बाइट सूचना म्हणून वाचला गेला तर आयएनआर ए होतो. २डी हा डीसीआर एल होतो. हॉल्ट विसरलात तर प्रोग्रॅम काउंटर पुढे जात राहतो आणि मेमरीत जे असेल ते सूचना समजून चालवतो. बाइटवर डेटा की सूचना असा शिक्का नसतो.

७. ८०८६ वर जाताना क्रम बदलतो

इंटेलने ८०८६ काढला १९७८ मध्ये आणि कोड नव्याने मांडले. १६ बिटांची रजिस्टरं: एएक्स ०००, सीएक्स ००१, डीएक्स ०१०, बीएक्स ०११, एसपी १००, बीपी १०१, एसआय ११०, डीआय १११. आठ बिटांची: एएल, सीएल, डीएल, बीएल हे ० ते ३ आणि एएच, सीएच, डीएच, बीएच हे ४ ते ७. सेगमेंटची दोन बिटांची: ईएस ००, सीएस ०१, एसएस १०, डीएस ११.

ए-बी-सी-डी असं नाही, ए-सी-डी-बी. लक्षात ठेवायला युक्ती: जुन्या प्रोग्रॅमचं ८०८६ साठी रूपांतर करताना बी-सी च्या जागी सीएक्स, डी-ई च्या जागी डीएक्स आणि पत्ता धरणाऱ्या एच-एल च्या जागी बीएक्स वापरत. त्या हिशेबाने बीएक्स शेवटीच येतो.

रजिस्टर ते रजिस्टर मूव्हला दोन बाइट लागतात. पहिला १०००१० आणि पुढे डी, डब्ल्यू हे दोन बिट. डब्ल्यू १ असेल तर १६ बिट, ० असेल तर ८ बिट. डी १ असेल तर दुसऱ्या बाइटमधला मधला गट ठिकाण, ० असेल तर उगम. दुसरा बाइट पुन्हा २-३-३: मोड, रजिस्टर, आर-एम (रजिस्टर किंवा मेमरी). दोन्हीकडे रजिस्टर असेल तर मोड ११.

मूव्ह सीएल, डीएच करू. आठ बिट म्हणून डब्ल्यू ०. सीएल मधल्या गटात ठेवू म्हणून डी १. पहिला बाइट १०००१०१०, म्हणजे ८ए. दुसरा ११ ००१ ११०, म्हणजे ११०० १११०, म्हणजे सीई. उत्तर ८ए सीई.

डी ० ठेवूनही हेच काम होतं: ८८ एफ१. दोन्ही बरोबर. ‘मूव्ह एएक्स, बीएक्स’ला नॅझम ८९ डी८ देतो, पुस्तकात ८बी सी३ दिसू शकतं. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून खोडू नका; आधी डी बिट बघा, मग दोन्ही गट उलटे झालेत का ते बघा.

मेमरी असेल तर आर-एम चे तीन बिट पत्त्याची पद्धत सांगतात: बीएक्स+एसआय ०००, बीएक्स+डीआय ००१, बीपी+एसआय ०१०, बीपी+डीआय ०११, एसआय १००, डीआय १०१, बीपी ११०, बीएक्स १११. यादी एवढीच. म्हणून कंसात एएक्स, सीएक्स किंवा डीएक्स चालत नाही, आणि एसआय+डीआयही चालत नाही. शिवाय मोड ०० असताना ११० चा अर्थ बीपी नसून थेट पत्ता असा आहे. त्यामुळे नुसत्या बीपीसाठी असेम्ब्लर मोड ०१ घेऊन शून्याचा एक जादा बाइट घालतो: कंसात बीपी असलेला ‘मूव्ह एएक्स’ म्हणजे ८बी ४६ ००. लिस्टिंगमध्ये हा ०० दिसला तर दचकू नका. आणि बीपी वापरला की पत्ता डीएसमध्ये नाही, एसएसमध्ये धरला जातो.

डीएसमध्ये थेट संख्या भरता येत नाही. आधी एएक्समध्ये घ्या, मग मूव्ह डीएस, एएक्स (८ई डी८).

८. दहा लिहायला गेलात आणि रजिस्टर लिहिलंत

ही चूक असेम्ब्लर पकडत नाही, म्हणून तिला वेगळा मथळा. हेक्स संख्येमागे एच लावायची पद्धत आहे. दहा भरायला कुणी ‘मूव्ह एएल, एएच’ असं लिहिलं तर असेम्ब्लर त्याचा अर्थ ‘एएच रजिस्टर एएलमध्ये ने’ असा घेतो. ना एरर, ना वॉर्निंग. अकरा, बारा, तेरा यांचंही तेच, कारण बीएच, सीएच, डीएच ही सगळी रजिस्टरंच आहेत. नियम पक्का ठेवा: अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्स संख्येआधी शून्य. ०एएच, ०बीएच, ०एफएफएच. ८०८५ च्या असेम्ब्लरलाही हीच सवय ठेवा.

९. ८०५१: नंबर तोच, जागा वेगळी

८०५१ मध्ये आर० ते आर७ हे तीन बिटांतच बसतात. ‘मूव्ह ए, आरएन’चा साचा १११०१ आणि पुढे नंबर, आर३ साठी ईबी. पण या आठ रजिस्टरांचे चार संच आहेत, रॅममध्ये ००, ०८, १० आणि १८ पासून. कुठला संच चालू ते पीएसडब्ल्यूमधले (८०५१ मध्ये हे फ्लॅगचं रजिस्टर, त्यात ए नाही) आरएस० आणि आरएस१ हे बिट ठरवतात. म्हणजे ईबी हा बाइट तोच राहतो आणि वाचण्याची जागा कधी ०३, कधी ०बी होते.

– रिसेटनंतर एसपी ०७ असतो. पहिला पुश ०८ वर जातो आणि ते दुसऱ्या संचाचं आर० आहे. दुसरा संच वापरणार असाल तर आधीच एसपी हलवा: ७५ ८१ २एफ केलं की स्टॅक ३० पासून सुरू होतो.
– ‘पुश ए’ नाही, ‘पुश एसीसी’ लिहा (सी० ई०). पुशला थेट पत्ता लागतो, आणि एसीसी हे ई० या पत्त्याचं नाव आहे. याच कारणाने ‘पुश आर०’ही चालत नाही, पत्ता लिहिलात तर तो संच बदलला तरी बदलत नाही.
– ‘मूव्ह आर१, आर२’ अशी सूचनाच नाही. ए मधून न्या.

१०. मोठ्या चिपांकडे

६४ बिटांच्या एक्स८६ मध्ये रजिस्टरं सोळा झाली, पण मधल्या गटाची जागा तीन बिटांचीच राहिली. चौथा बिट आधी लावलेल्या रेक्स बाइटमध्ये असतो (४० ते ४एफ). ‘मूव्ह आरएएक्स, आरबीएक्स’ म्हणजे ४८ ८९ डी८: शेवटचे दोन बाइट ओळखीचे आहेत. रेक्स लागला की ४ ते ७ हे कोड एएच, सीएच, डीएच, बीएच राहत नाहीत, एसपीएल, बीपीएल, एसआयएल, डीआयएल होतात. म्हणून एएच आणि आर८ एकाच सूचनेत येत नाहीत. तसंच ईएएक्समध्ये लिहिलं की आरएएक्सचा वरचा अर्धा भाग शून्य होतो. एएक्समध्ये लिहिलं तर होत नाही.

रिस्क-व्ही (खुला सूचनासंच) शिकायचं असेल तर उत्तमच. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही त्यावरच आहेत. रजिस्टरं एक्स० ते एक्स३१, प्रत्येकी पाच बिट, आणि जागा ठरलेल्या: ठिकाण बिट ७ ते ११, पहिला उगम १५ ते १९, दुसरा २० ते २४. एक्स० कायम शून्य. असेम्ब्लीत मात्र बहुतेक वेळा दुसरी नावं दिसतात: ए० ते ए७ म्हणजे एक्स१० ते एक्स१७, एसपी म्हणजे एक्स२. सापळा ‘टी’ आणि ‘एस’ मध्ये आहे, कारण ते सलग नाहीत. टी० ते टी२ हे एक्स५ ते एक्स७, पण टी३ एकदम एक्स२८. एस० आणि एस१ हे एक्स८ आणि एक्स९, पण एस२ एक्स१८. ‘ॲड ए०, ए१, ए२’चा शब्द ००सी५८५३३ येतो. ३२ चौकोन मांडून १०, ११, १२ हे आकडे त्यात कुठे बसलेत ते एकदा शोधा.

११. उत्तर जुळत नसेल तर, या क्रमाने

– किटवरचे बाइट पुन्हा एकेक करून वाचा आणि वहीशी ताडा. ६ आणि बी, ८ आणि बी हे सेव्हन सेगमेंटवर सारखे दिसतात. ‘बी’ला वरची आडवी रेघ नसते.
– प्रत्येक सूचनेची लांबी मोजून पुढचा पत्ता बरोबर आहे का बघा. एमव्हीआय दोन बाइट, एलएक्सआय आणि जंप तीन.
– ठिकाण आधी आणि उगम नंतर, हा क्रम पाळलात का? लिनक्सवर ऑब्जडंप (तयार कोड परत सूचनांत वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) एक्स८६ साठी मुळात उलटा क्रम दाखवतो. ‘-एम इंटेल’ (एम कॅपिटल) हा पर्याय दिला की आपल्या सवयीचा क्रम येतो.
– एनडिसॅझम काही न सांगता १६ बिट धरतो. ६४ बिटांचा कोड असेल तर ‘-बी ६४’ द्या, नाहीतर रेक्सचा ४८ ‘डेक एएक्स’ म्हणून छापला जाईल.
– तरीही सापडलं नाही तर सिंगल स्टेप करा आणि प्रत्येक पायरीला फक्त ए, एच आणि एल बघा. ८०८५ च्या छोट्या प्रोग्रॅममध्ये चूक बहुतेक वेळा एच-एल मधल्या पत्त्यातच सापडते.